न निघालेल्या जहाजाचे दस्तऐवज

कारंजा लाडसारख्या समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या गावी ज्याचे सारे आयुष्य दिवाणी दाव्यांची कागदपत्रे वाचण्यात गेले, त्याने जहाजांविषयी लिहावे याचे पुष्कळांस नवल वाटेल. परंतु अलीकडे आमच्या भागातील इतकी कुटुंबे सिंगापूरच्या, नाहीतर भूमध्य समुद्रातील सफरींस जाऊ लागली आहेत आणि त्यांपैकी इतके जण पैसे भरण्यापूर्वी करारनाम्याचा कागद माझ्यापुढे आणून ठेवतात, की 2020 साली आम्हा घरच्यांवर जो प्रसंग गुदरला त्याची हकीकत सविस्तर लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

त्या वर्षी मे महिन्यात, न्यायालयाच्या उन्हाळी सुटीत, मी व माझी पत्नी, तसेच माझी थोरली बहीण अक्का व तिचे यजमान अशा चौघांनी बार्सिलोनाहून निघणाऱ्या एका जहाजाने जाण्याचे निश्चित केले होते. भाऊजींचा सरकी-कापसाचा व्यापार. हंगाम संपला की वर्षातून एकदा प्रवास करायचा हा त्यांचा परिपाठ. ज्या मध्यस्थाकडे आम्ही रक्कम भरली त्याने जे रंगीत माहितीपत्रक दाखवले, त्यात जहाजाचे त्या क्षणी अस्तित्वात असलेले रूप नव्हतेच. मार्च-एप्रिलमध्ये गोदीत जाऊन नव्या भोजनगृहांसह, नव्या खोल्यांसह ते जसे दिसणार होते, तसे त्याचे ते चित्र होते. आम्ही ज्या सफरीचे पैसे मोजले ती नूतनीकरणानंतरची अगदी आरंभीची सफर होती, आणि तिचे भाडेही त्या नवेपणाच्या हिशेबानेच आकारलेले होते.

जहाजाचे नूतनीकरण ही केवळ रंगरंगोटीची बाब नव्हे, हे पुढे वाचता वाचता मला उमगत गेले. आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रवासी जहाजाच्या तळाची बाहेरून तपासणी दर पाच वर्षांच्या अवधीत किमान दोनदा व्हावी लागते. त्यासाठी जहाज सहसा सुक्या गोदीत चढवावे लागते, आणि जेथे तीन-चार हजार प्रवाशांचे जहाज मावेल अशा गोद्या जगात मोजक्याच, स्पेनमधील कादिझची, बहामातील फ्रीपोर्टची, अशा. त्यांचे दिवस कंपन्या फार आधीपासून राखून ठेवतात. मग त्या थोड्याशा आठवड्यांत तळाचा रंग, पंखे, यंत्रे यांच्या कामाबरोबरच गालिचे, न्हाणीघरे, सुतारकाम, वीजकाम ही सारी कामे उरकायची, त्याकरिता देशोदेशींचे कारागीर आणायचे, आणि गोदीतून बाहेर पडण्याच्या तारखेला लागूनच पुढल्या सफरीची तिकिटे विकून ठेवायची, अशी ही व्यवस्था असते. या साखळीत सैल कडी एकही नसते, म्हणून कोठेही खंड पडला तरी त्याचा हिसका थेट शेवटच्या प्रवाशापर्यंत पोहोचतो.

तो खंड त्या मार्चमध्ये पडला. फेब्रुवारीतच जपानमधील योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज 3,711 प्रवासी व कर्मचाऱ्यांसह विलगीकरणात अडकले होते, आणि त्यात भारतीय कर्मचारीही शंभराहून अधिक होते. तरीही ती वार्ता आम्ही दूरदेशीची म्हणून वाचली. 13 मार्चला अमेरिकेतील जहाज कंपन्यांच्या संघटनेने सफरी स्थगित केल्या, 14 मार्चला स्पेनमध्ये आणीबाणी पुकारली गेली, 22 मार्चपासून आपल्याकडील आगगाड्या व आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. कादिझच्या गोदीत त्याच सुमारास ‘कार्निव्हल व्हिक्टरी’ हे जहाज वीस कोटी डॉलरच्या नूतनीकरणासाठी आलेले होते. काम अर्ध्यावर थांबले, आणि ‘कार्निव्हल रेडियन्स’ या नव्या नावाने ते प्रवाशांना घेऊन निघाले तेव्हा 2021 चा डिसेंबर उजाडला होता. ‘अल्यूर ऑफ द सीज’ या प्रचंड जहाजाचे 2020 च्या वसंतात ठरलेले काम तर पुढे ढकलले गेले ते अखेर 2025 साली झाले. कारागीर आपापल्या देशी अडकले होते, माल सीमांवर पडून होता, आणि सगळ्यांत मोठे कारण म्हणजे उत्पन्नाचा झरा आटल्यावर कंपन्यांनी पहिली कात्री लावली ती अशा खर्चालाच.

म्हणून माझी पहिली सूचना आहे ती ही, की नूतनीकरणानंतरची पहिली, दुसरी, तिसरी सफर घेऊ नये. गोदीतून सुटण्याची तारीख आणि आपल्या प्रस्थानाची तारीख यांत दोन-तीन महिन्यांचे अंतर राखावे. महामारी नसली तरी गोदीतील काम लांबते, आणि कित्येकदा उरलेले काम प्रवासी जहाजावर असतानाच उरकले जाते. जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा तपासाव्यात तसे करारात एक कलम शोधून काढावे: जहाज, मार्ग आणि वेळापत्रक बदलण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. चित्रातल्या भोजनगृहावर आपला हक्क नसतो.

आमची सफर रद्द झाल्याचे पत्र आले तेव्हा ज्याला आम्ही एक प्रवास समजत होतो ते वस्तुतः पाच वेगवेगळे करार होते, ही गोष्ट उघड झाली, आणि प्रत्येकाचा कायदा निराळा निघाला. मूर्तिजापूरहून मुंबईची रेल्वेची आरक्षणे होती. त्यांचे पैसे रेल्वेने पुरते परत केले, खिडकीवर काढलेल्या तिकिटांची परताव्याची मुदत तर वाढवत वाढवत नऊ महिन्यांवर नेली. व्हिसाचे शुल्क, जे त्याच फेब्रुवारीत 80 युरो झाले होते, ते अर्थातच परत मिळाले नाही, कारण ते अर्ज तपासण्याचे शुल्क असते. विम्याच्या कागदात प्रवाशाच्या आजारपणाची तरतूद होती. कंपनीनेच सफर रद्द केली तर काय, याविषयी चकार शब्द नव्हता. विमान कंपनीने रक्कम जमा खाती ठेवली असल्याचे कळवले, आणि तो प्रश्न सुटला तो सर्वोच्च न्यायालयाच्या 1 ऑक्टोबर 2020 च्या निकालाने: टाळेबंदीतच टाळेबंदीतल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पैसे तात्काळ परत करावेत, टाळेबंदीआधी तिकिटे काढलेल्या आमच्यासारख्यांचे पंधरा दिवसांत परत करण्याचा प्रयत्न करावा, आणि कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर 31 मार्च 2021 पर्यंत रक्कम जमा ठेवून तीवर दरमहा आधी अर्धा व पुढे पाऊण टक्का वाढ द्यावी, व त्यानंतर उरलेली रोख परत करावी.

राहिला जहाजाचा करार. कंपनीने दोन पर्याय दिले: भरलेली रक्कम परत घ्या, अथवा तिच्या सव्वापट किमतीची पत पुढील सफरीसाठी स्वीकारा. मी परताव्याचा अर्ज केला. भाऊजींनी पत घेतली, आणि ती घेताना मला म्हणाले, “वकीलसाहेब, पंचवीस टक्के वरून देऊन राह्यलेत, असं कोन सोडते?” व्यापाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे गैर नव्हते, साल-दीड सालात एवढी वाढ बँकेत मिळत नाही. परंतु बँकेतील ठेवीला कायद्याचे संरक्षण असते. अशी पत म्हणजे ज्या कंपनीची जहाजे बंदराबाहेर नांगरून पडली आहेत तिला आपण दिलेले बिनतारण कर्ज होय, आणि ते फेडले जाणार ते रुपयांत नव्हे, तर तिने ठरवलेल्या तारखेस, तिने ठरवलेल्या भाड्याच्या सफरीत.

ही भीती काल्पनिक नव्हती. मुंबईहून गोव्याकडे, दीवकडे जाणारे ‘कर्णिका’ हे जहाज 2019 च्या एप्रिलात मोठ्या समारंभाने सुरू झाले होते. 1990 साली बांधलेले ते जहाज 2020 संपण्यापूर्वीच अलंगच्या किनाऱ्यावर भंगारासाठी चढवले गेले. सिंगापूरच्या ज्या सफरींना आपल्याकडील प्रवासी झुंडीने जात, त्या चालवणाऱ्या एका मोठ्या समूहाने, गेंटिंग हाँगकाँगने, ऑगस्ट 2020 मध्ये धनकोंची देणी थांबवली आणि जानेवारी 2022 मध्ये त्याच्यावर हंगामी परिसमापक नेमले गेले. कंपनी बुडाली की पतधारक प्रवासी हा असंख्य धनकोंपैकी एक, आणि तोही रांगेच्या शेवटचा, ठरतो. कारंजेकरांस ‘तात्पुरती बंद’ या शब्दांचा अर्थ वेगळा सांगायला नको. आमच्या गावावरून यवतमाळकडे जाणारी शकुंतला, एका ब्रिटिश कंपनीने कापसाच्या वाहतुकीकरिता घातलेली अरुंदमापी रेल्वे, अशीच ‘तात्पुरती’ बंद झाली, तिची वाट आम्ही अजून पाहत आहोत.

माझा परतावा दिवाळी उलटल्यावर आला, मध्यस्थाचे सेवाशुल्क वजा होऊन. तो आला याचे कारण मी जे काही विचारले ते लेखी विचारले हे होय. मध्यस्थ मनुष्य म्हणून वाईट नव्हता, दूरध्वनीवर तर तो फार गोड बोले. पण त्याच्या पावतीवर बारीक अक्षरात ‘केवळ मध्यस्थ’ असा मजकूर होता, आणि रक्कम त्याच्या हातून वर कोणाकडे, कोणत्या तारखेस गेली, याची नोंद मागितल्याशिवाय तो देत नव्हता. ही नोंद पैसे भरतानाच मागावी. कंपनीच्या नावाची पोचपावती हाती आल्यावाचून दुसरा हप्ता देऊ नये, आणि रक्कम रोखीने तर मुळीच देऊ नये.

भाऊजींच्या पतीवर नवी सफर 2021 च्या उन्हाळ्यात ठरली होती. ते जहाज तोवर अर्धवट कामासह नांगरूनच होते, आणि 2021 च्या फेब्रुवारीत आमच्या जवळच्या अमरावतीस पुन्हा टाळेबंदी लागली तेव्हाच आम्ही त्या सफरीची आशा सोडली. एप्रिलमध्ये भाऊजी आजारी पडले व दहा-बारा दिवसांत गेले. त्यांच्या मागे अक्काला ज्या गोष्टींना तोंड द्यावे लागले, त्यांत ही पत ही एक होती. ती त्यांच्या नावे होती आणि अहस्तांतरणीय होती. मृत्यूचा दाखला आम्ही पाठवला. उत्तर आले की पत्रव्यवहार नोंदलेल्या ईमेलवरूनच व्हावा. ती ईमेल त्यांच्या मोबाइलमध्ये होती, मोबाइलच्या कुलपाचे आकडे त्यांनाच ठाऊक होते. भाच्याने एका संध्याकाळी जमाखर्चाच्या वहीच्या शेवटच्या पानावर, सरकीच्या भावांखाली, पेन्सिलीने लिहिलेले ते आकडे शोधून काढले, तेव्हा कोठे पुढला अर्ज जाऊ शकला. वारसांचे प्रतिज्ञापत्र, ओळखपत्रे, बँकेचा रद्द धनादेश असे कागद जोडून पुष्कळ महिने तगादा लावल्यावर मूळ रक्कम मिळाली. वरचे पंचवीस टक्के मिळाले नाहीत.

या प्रकरणातून मी वडीलधाऱ्यांस जे सांगत आलो आहे ते हे, की साठीच्या पुढील माणसाने अशी पत घेऊ नये. घ्यावीच लागली तर ती दोघांच्या नावे फिरवता येईल काय, मृत्यूनंतर वारसांस रोख मिळेल काय, हे आधी लेखी विचारावे. आणि आरक्षणाचा क्रमांक, नोंदलेली ईमेल, तिची किल्ली हे सारे घरातील दुसऱ्या एका विश्वासू माणसापाशी असावे.

कामकाज सुरू झाले म्हणजे सारे सुरळीत झाले, असेही समजू नये. युरोपातील काही सफरी 2020 मध्येच चालू झाल्या, पण आपल्याकडील नियमित आंतरराष्ट्रीय विमाने 27 मार्च 2022 रोजीच पूर्ववत झाली. मधल्या काळात ज्यांनी कोव्हॅक्सिन घेतली होती त्यांस जागतिक आरोग्य संघटनेच्या मान्यतेसाठी 3 नोव्हेंबर 2021 पर्यंत थांबावे लागले. जानेवारी 2022 मध्ये मुंबईहून गोव्यास गेलेल्या जहाजावरील सुमारे दोन हजारांपैकी 66 जण पहिल्याच तपासणीत बाधित निघाले आणि जहाज मुंबईस परतले. ज्या प्रवाशांनी परतीच्या दिवसाला लागूनच कार्य, दवाखाना, कोर्टाची तारीख ठेवली असेल, त्यांची त्या दिवसांतली धांदल मी कल्पू शकतो. आणि जहाजावर अडकतो तो प्रवासीच नव्हे. एप्रिल 2020 मध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’वरील सुमारे दीडशे भारतीय कर्मचाऱ्यांना मुंबई बंदरावर उतरता यावे म्हणून केंद्र सरकारला स्वतंत्र आदेश काढावा लागला होता. ज्या घरचा मुलगा जहाजावर नोकरीस आहे त्यांनी त्याच्या करारातील परत आणण्याच्या जबाबदारीचे कलम अवश्य वाचावे.

शेवटी न्यायालयाचा मुद्दा, जो माझ्या व्यवसायाचा आहे. या कंपन्यांच्या छापील करारात वाद फ्लोरिडात, लंडनमध्ये किंवा जेनोआत चालेल, असे लिहिलेले असते, आणि ते वाचून माणूस हातपाय गाळतो. तसे करण्याचे कारण नाही. आपल्या 1872 च्या करार कायद्यातील कलम 56 व 65 यांचा आधार आपल्याला आहेच. शिवाय 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे कारंज्याच्या माणसाने मुंबईसही जाण्याचे कारण नाही, वाशीम पुरे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रार ऑनलाइनही दाखल होते, कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची आहे, आणि प्रथम सल्ला हवा असेल तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ज्या मध्यस्थाने भारतात पैसे घेतले त्यालाही प्रतिवादी करावे, केवळ परदेशी कंपनीस करू नये. तक्रारीस माहितीपत्रकाची प्रत, सफर रद्द झाल्याचे पत्र, बँकेचा उतारा आणि तारीखवार पत्रव्यवहार जोडावा. मूळ पावत्या मात्र आयोगाने मागेपर्यंत कोणाच्याही, अगदी ओळखीच्या मध्यस्थाच्याही, स्वाधीन करू नयेत.