‘वाचायची गरज नाही, मॅडम’

हेदवीत पावसाळ्यात माणूस पडवीत अडकतो. वाचनाचं वेड जुनं, त्यामुळे गेल्या आषाढात व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला तो मला माझ्याचसाठी आल्यासारखा वाटला. पुस्तकांच्या साइटवर परीक्षण लिहा, एकाचे १५० रुपये. लिंक उघडायची, पाच तारे द्यायचे, त्यांनीच पाठवलेल्या चार ओळी चिकटवायच्या आणि स्क्रीनशॉट पाठवायचा. पुस्तक कुठून मिळेल, असं मी विचारलं. उत्तर आलं, ‘वाचायची गरज नाही, मॅडम.’

मी तिथेच थांबायला हवं होतं.

तीन परीक्षणांचे ४५० रुपये खात्यात जमा झाले आणि माझी खात्री पटली. मग टेलिग्रामच्या ग्रुपवर घेतलं. आता ‘प्रीपेड टास्क’: २,००० भरा, २,८०० घ्या. तेही मिळाले. पुढच्या खेपेला ११,००० भरले. स्क्रीनवर माझ्या नावापुढे १६,००० दिसत होते, पण काढायला गेले की ‘खातं गोठलंय, आधी कर भरा’. ग्रुपमधले बाकीचे पैसे मिळाल्याचे फोटो टाकत होते. ती सगळी त्यांचीच माणसं असतात, हे नंतर कळलं. मी आणखी ७,००० पाठवले.

लाजेपायी दोन दिवस घरात बोलले नाही. पैशांपेक्षा ते दोन दिवस जास्त महाग पडले. अशा वेळी ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा, बँकेला कळवा आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक हाताशी ठेवा. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकायच्या आत अडवली, तरच ती सापडायची आशा. चॅट चिडून डिलीट करू नका, पुरावा तोच.

परीक्षणाचं काम खरंही असतं. ‘ललित’सारखं मासिक १९६४ पासून पुस्तकांवरच चाललं आहे. खऱ्या कामात पुस्तक आधी हातात येतं, ते वाचायला वेळ मिळतो, लेख छापून आल्यावर मानधन मिळतं. ते थोडं असतं, कधी नसतंही. पण लिहिणाऱ्याकडून कुणी अनामत मागत नाही.

न वाचलेल्या त्या तीन कादंबऱ्यांखालचे माझे तारे मी काढून टाकले. कुणीतरी ते पाहून पुस्तक विकत घेतलं असेल, हे अजून मनातून जात नाही. त्यातली एक मागवली आहे. चाळीस पानं झाली.