अक्षरांची जुळणी व शब्दांचे अर्थ
(विषय : मराठी, इयत्ता दुसरी)

हेतू : अक्षरओळख झालेली मुले शब्द मोठ्याने वाचतात, परंतु वाचलेला शब्द त्यांना उमगलाच, असे त्यावरून म्हणता येत नाही. अक्षरांपासून शब्दाकडे व शब्दापासून अर्थाकडे मुलांना नेणे, हा या पाठाचा हेतू होय.

साहित्य : जुन्या पुठ्ठ्याचे चौकोनी तुकडे, प्रत्येकावर काना-मात्रा नसलेले एकेक अक्षर.

पाठाची मांडणी : आरंभी दोनच अक्षरे द्यावीत. 'र' व 'स' यांपासून 'रस' आणि 'सर' हे शब्द होतात. शब्द जुळताच पाठ संपला, असे मानू नये. 'सर' म्हणजे काय, हे विचारावे. कोणी पावसाची सर सांगेल, कोणी मोत्यांचा सर. 'ती सर' व 'तो सर' हा भेद वाक्यातच उघड होतो. यास्तव प्रत्येक अर्थाचे एक वाक्य मुलांकडून वदवून घ्यावे.

नंतर 'क', 'म', 'ल' ही अक्षरे द्यावीत. त्यांच्या सहा मांडण्या होतात. पैकी नित्याच्या वापरातील शब्द 'कमल' व 'कलम' हे दोनच. 'कमल' मधील अखेरचा 'ल' तोकडा उच्चारला जातो, 'कलम' मधील 'ल' पूर्ण. हे म्हणून दाखवावे. अरबी-फारसीतून आलेल्या 'कलम' शब्दाचे अर्थ लेखणी, झाडाचे कलम व कायद्याचे कलम असे आहेत. बागाईत असलेल्या घरचे मूल दुसरा अर्थ आपण होऊन सांगेल. त्याला तो वर्गास समजावून सांगू द्यावा. चार अक्षरांच्या चोवीस मांडण्या होतात; तेव्हा या इयत्तेत तीन अक्षरांवरच थांबावे.

सूचना : अनोळखी शब्द जुळल्यास 'चूक' असे तत्काळ म्हणू नये, अर्थ विचारावा. तो शब्द मुलाच्या घरच्या बोलीतील असू शकेल. तसे असल्यास फळ्यावर लिहून त्याचा मान राखावा. घरची भाषा शाळेत चालत नाही, असे एकदा वाटले की मूल बोलेनासे होते व पुढे नुसते अक्षर वाचत राहते.

स्वाध्याय : (1) 'न', 'व' यांपासून दोन शब्द करा. 'नवरात्र' व 'नववर्ष' यांतील 'नव' चा अर्थ एकच आहे काय? (2) 'ग', 'ज' यांपासून दोन शब्द करा. हत्ती, खिडकी व कापडाचे माप या तिन्हींशी संबंध असलेला शब्द कोणता?