नॉट रिचेबल

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १३ (ज्ञानाची लक्षणं)



माझ्या फोनमध्ये एक नंबर अजून 'आजी वालूर' या नावानं सेव्ह आहे. आजी जाऊन गेल्या आठवड्यात वर्ष झालं. ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तिचे तीन मिस्ड कॉल होते. मी पुण्यात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, फोन सायलेंटवर. रात्री बघितले आणि म्हटलं, आता झोपली असेल, सकाळी करू. सकाळी फोन आला तो बाबांचा.

तेव्हापासून मी फोन सायलेंट करणंच सोडलं. झोपताना उशाशी, पूजेला बसले तरी शेजारी. पुन्हा कुणाचा कॉल चुकला तर?

आणि अधूनमधून आजीचा नंबर लावायचे. आधी 'स्विच्ड ऑफ', मग एके दिवशी 'हा नंबर अस्तित्वात नाही'. तरी ती टेप संपेपर्यंत मी बोलून घ्यायचे, "आजी, चुकलं गं माझं." हलकं वाटायचं. मग वाचलं, की बंद झालेला नंबर कंपन्या किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, नंतर मात्र देऊ शकतात. म्हणजे एक दिवस तिकडून कुणी परकंच 'हॅलो' म्हणणार. मी नंबर लावणं थांबवलं.

असं बोलणारी मी एकटी नाही. जपानमध्ये ओत्सुची इथं इतारू सासाकी यांनी २०१० साली बागेत एक फोन ठेवला, त्याला वायरच जोडलेली नाही. २०११ च्या त्सुनामीनंतर कितीतरी लोक तिथं येऊन गेलेल्या माणसांशी बोलले. आणि आपल्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या संत जनाबाई? जात्यावर बसून थेट विठ्ठलाशीच बोलायच्या. मनातलं पोचायला लाइन लागतेच असं नाही.

आता आजच्या वाचनाकडे येऊ. भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगतात, त्यात एक आहे एकांताची आवड आणि गर्दीचा सोस नसणं. ज्ञानेश्वर माउलींनी तिथं तीर्थांचे काठ, तपोवनं, गुहा आवडणारा साधक रंगवलाय. पण नीट बघा, त्याच श्लोकात एकांताच्या आधी अनन्य भक्ती येते. म्हणजे हा एकांत रिकामा नाही. सगळ्यांपासून दूर जायचं ते एकाच्या जवळ बसायला.

हे मला कळलं ते वालूरला. वर्षश्राद्धाला गेले होते. दुपारी बारवेवर गेले. गोल फिरत जाणाऱ्या पायऱ्या उतरता उतरता रेंज गेली. आधी जीव घाबरला. मग खाली पाण्याकडे बघत बसले आणि आजीचा हरिपाठ आठवला. रोज दिवेलागणीला ती फोन बंद करून देवघराच्या कोनाड्यात ठेवायची. "पांडुरंगाशी बोलताना मधी तिसरं कोन कशाला?" म्हणायची. त्या वेळेत मी कितीदा फोन लावलाय! लागायचा नाही, मी चिडायचे. पण आजीचं माझ्यावर प्रेम नाही, असं एकदाही मनात आलं नाही.

मग त्या तीन मिस्ड कॉलवरून तिनं तरी तसं का मानलं असेल?

तिथंच पायरीवर बसून रडले. वर्षभरानं मोकळी झाले.

फोन न लागणं म्हणजे नातं तुटणं नव्हे. आपण प्रत्येक क्षणी प्रत्येकाला सापडलंच पाहिजे, हे ओझं देवानं आपल्यावर टाकलेलं नाही. सगळ्यांना सगळीकडे सापडणारा तो एकच आहे.

आजचा संकल्प: संध्याकाळची वीस मिनिटं फोन बंद. घरच्यांना वेळ आधी सांगून ठेवा, म्हणजे त्यांना काळजी नको. मग नामस्मरण करा. आणि कुणाशी बोलायचं राहून गेलं असेल, तर ते पांडुरंगाला सांगा.

पांडुरंगा, जे माझ्या हाकेच्या पलीकडे गेले, ते तुझ्या हाकेच्या आत आहेत. एवढा विश्वास दे.

राम कृष्ण हरी!