घरातला पत्ता आणि बाहेरचा पत्ता

दिल्लीत नुसत्या घरक्रमांकाने पत्र पोचत नाही. 'सी-१२' हा क्रमांक एका वसाहतीत असतो, तसा दुसरीतही असू शकतो; म्हणून वसाहतीचे नाव लागते आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून त्याच्या जोडीला पिनकोड आला. संगणकांच्या जाळ्यातील पत्त्यांची व्यवस्था याहून फारशी निराळी नाही. द्वारकेतील एका घरात राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि नोएडातील दुसऱ्या घरातही नेमका तोच. तरी दोघांची गाठ पडत नाही.

याचे कारण असे. चार आकड्यांच्या या पद्धतीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. ते जगाला पुरणारे नव्हते. जागतिक साठ्यातील शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले. ही टंचाई आधीच ओळखून १९९६ च्या फेब्रुवारीत काही पत्ते केवळ खाजगी वापरासाठी राखून ठेवल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते कोणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेर मात्र ते चालत नाहीत. घरातील सर्व उपकरणांच्या वतीने बाहेर राउटर एकच पत्ता दाखवतो.

अडचण उद्भवते ती घरातल्या घरात. समजा, सेवा देणाऱ्या कंपनीने बसवलेल्या पेटीचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. मागच्या खोलीत लहरी पोचत नाहीत म्हणून गृहस्थांनी बाजारातून दुसरा राउटर आणून तिला जोडला. त्याचाही पत्ता तोच निघाला. आता या राउटरच्या दोन्ही अंगांना एकच वसाहत आहे. आलेला संदेश आत द्यावा की बाहेर, हे त्याला ठरवता येत नाही. काही राउटर हा घोटाळा ओळखून आपणहून पत्ता बदलतात, सगळेच नव्हे.

उपाय साधा आहे. कंपनीच्या पेटीची तार काढून ठेवावी, संगणक नव्या राउटरला जोडावा, त्याचे पान उघडून 'लॅन' या विभागात जावे आणि पत्ता १९२.१६८.२.१ करावा. त्याखालील २५५.२५५.२५५.० हा आकडा तसाच राहू द्यावा. पहिले तीन आकडे वसाहतीचे व शेवटचा घराचा, एवढेच तो सांगतो. उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याची मर्यादा १०० ते १९९ ठेवली, तर छपाईयंत्राला २० हा कायमचा पत्ता निर्धास्तपणे देता येतो. (नव्या राउटरकडून केवळ लहरी पोचवण्याचेच काम हवे असेल, तर त्याला 'ॲक्सेस पॉइंट' करणे अधिक सोयीचे, मग पत्ते वाटण्याचे काम पहिल्या पेटीकडेच राहते.)

बदल जतन करताच समोरचे पान नाहीसे होते. पुष्कळ जण येथे घाबरून मागचे बारीक बटण दाबतात आणि केलेले सारे पुसून टाकतात. वास्तविक बिघाड काहीच झालेला नसतो: संगणक अजून जुन्या पत्त्यावर राउटरला हाक मारीत असतो. जोडणी एकदा तोडून पुन्हा केली आणि नवा पत्ता लिहिला, की पान उघडते. त्यानंतर बाजूला ठेवलेली तार जोडावी.