कृत्तिकांचे अंतर

कार्तिकात सूर्यास्तानंतर पूर्वेस कृत्तिकांचा पुंजका वर येतो. विद्यार्थ्यांनी तो आपल्या आईबापांस गच्चीवर नेऊन अवश्य दाखवावा. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश तेथून निघाला, तेव्हा मलिक अंबराने 1610 साली वसविलेली खडकी, म्हणजे आपले हे शहर, अस्तित्वात होते काय? 1997 साली प्रसिद्ध झालेल्या हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजणीप्रमाणे होते. कारण तिने अंतर सुमारे 390 प्रकाशवर्षे ठरविले. ताऱ्यांच्या तेजावरून गणित करणारे मात्र 430 म्हणत. उपग्रह खरा मानावा, तर तरुण ताऱ्यांविषयीचे आपले सारे ज्ञानच चुकीचे ठरत होते!

अंतर काढण्याची रीत तशी साधी आहे. दौलताबादेच्या वाटेने चालताना चाँदमिनार मागच्या डोंगरावरून सरकल्यासारखा दिसतो. तो किती सरकला ह्यावरून किती दूर आहे हे कळते. ताऱ्यासाठी ही वाटचाल पृथ्वीच करिते. सहा महिन्यांत ती आपणांस सूर्याच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगास, सुमारे 30 कोटी किलोमीटर नेते. तारा जेवढा सरकलेला दिसेल, त्याच्या निम्म्या कोनास लंबन म्हणतात. कृत्तिकांचे लंबन किती सूक्ष्म? दहा रुपयांचे नाणे जयपुरास ठेवून येथून पाहिले, तर ते भासेल जवळजवळ तेवढेच!

असा कोन मोजणे एकट्या रेडिओ दुर्बिणीचे काम नव्हे. तरुण तारे रेडिओलहरीही सोडतात, आणि दूरदूरच्या रेडिओ दुर्बिणी जोडल्या म्हणजे त्या एकाच प्रचंड दुर्बिणीप्रमाणे चालतात. नारायणगावाजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 दुर्बिणी, सुमारे 25 किलोमीटरांत पसरलेल्या, ह्याच तत्त्वावर चालतात. कृत्तिकांसाठी मात्र अमेरिकेपासून जर्मनीपर्यंतच्या दुर्बिणी एकत्र आणाव्या लागल्या. मागच्या डोंगराचे काम केले अब्जावधी प्रकाशवर्षे दूरच्या तेजोगोलांनी. ते इतके दूर की जागचे हललेले दिसतच नाहीत.

2014 साली कार्ल मेलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रसिद्ध केले: सुमारे 444 प्रकाशवर्षे. 2018 मध्ये गैया उपग्रहाच्या मोजणीनेही जवळजवळ तेच अंतर दिले. म्हणजे तो प्रकाश निघाला तेव्हा खडकी वसावयाची होती.

मृगातील तेजोमेघात तर ह्याहून पुष्कळ कोवळे तारे धुळीत दडलेले आहेत. धुळीची अडचण रेडिओलहरींस नाही. तेथील चार ताऱ्यांची लंबने घेऊन 2007 साली त्या समूहाचे अंतर सुमारे 1,350 प्रकाशवर्षे ठरले. त्यापूर्वी ते 1,500 हून अधिक मानीत असत.