हाड मोडले तर काय करावे?

मित्रांनो, आपल्या शरीरातील हाडे म्हणजे घराचे वासे आहेत. मोठ्या माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. त्यांच्यामुळे आपण उभे राहतो, पळतो, झाडावर चढतो. आणि कधी कधी पडतोसुद्धा.

होळीच्या आदल्या दिवशी माझा चुलतभाऊ चिंचेच्या झाडावरून पडला. त्याचा उजवा हात मनगटाच्या वर सुजला व वाकडा दिसू लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तेल आणा, चोळून देते." दुसरे एकजण म्हणाले, "जरा ओढला की बसेल."

तेवढ्यात आजोबा आले आणि ओरडले, "हाताला कुणी हात लावू नका रे!" आजोबांचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. लहानपणी ते बैलगाडीवरून पडले, तेव्हा लोकांनी त्यांचा हात ओढून चोळला होता.

मी पळत जाऊन गुरुजींना बोलावले. त्यांनी काय केले ते क्रमाने लिहितो.

१. दादाला खाली बसवून धीर दिला. हात आहे तसाच ठेवला. सरळ केला नाही.

२. हातातले कडे हळूच काढले. सूज वाढली की ते निघत नाही.

३. वर्तमानपत्राची जाड घडी केली, तिच्यावर मऊ पंचा घातला व ती हाताखाली तळव्यापासून कोपरापर्यंत ठेवली. मोडलेल्या जागेच्या वरचा व खालचा सांधा हलता कामा नये.

४. कापडाच्या पट्ट्यांनी घडी बांधली. मोडलेल्या जागेवर गाठ मारली नाही, तिच्या वर व खाली मारली.

५. आजोबांच्या उपरण्याची झोळी करून हात गळ्यात अडकवला.

६. बोटे पाहिली. बोटे गार किंवा निळी पडली, मुंग्या आल्या, तर पट्टी सैल करावी.

दादा पाणी मागत होता. मी तांब्या आणला, पण गुरुजी नको म्हणाले. ऑपरेशन करावे लागले तर पोट रिकामे लागते. तेव्हा मला फार वाईट वाटले.

दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड मोडलेलेच होते. डॉक्टर म्हणाले, "ओढाओढ केली नाही, नीट बांधून आणलात, हे फार चांगले झाले." सहा आठवडे प्लास्टर होते. आता दादा त्याच हाताने विटीदांडू खेळतो.

आणखी लक्षात ठेवा. जखमेतून हाड बाहेर दिसत असेल तर ते आत ढकलू नये, स्वच्छ कापडाने झाकावे. मान, पाठ किंवा मांडीला मार लागला असेल तर माणसाला उचलू नये, १०८ नंबरला फोन करावा. ती गाडी फुकट येते.

आजोबा म्हणतात, "माझ्या वेळी हे कुणाला ठाऊक असते तर माझा हात सरळ राहिला असता."

म्हणून सर्व आईवडिलांना माझी विनंती आहे. तेल डोक्याला लावा, मोडलेल्या हाताला लावू नका.

— इयत्ता ४ थीचा एक विद्यार्थी