होकायंत्रात सुईपेक्षा तबकडी महत्त्वाची

प्रश्न : नकाशावर मार्ग काढताना होकायंत्राचा कोणता भाग कशासाठी? मोबाइल असताना ते हवेच का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सुईचा लाल टोकाचा भाग फक्त उत्तर दाखवतो, वाट काढून देते ती 360 अंशांची फिरती तबकडी. अंजनेरीहून ब्रह्मगिरीची दिशा हवी असेल, तर पारदर्शक पट्टीची कड नकाशावर दोन्ही ठिकाणांना जोडून ठेवा, पट्टीवरचा बाण ब्रह्मगिरीकडे. मग तबकडी फिरवून तिच्या तळाच्या रेषा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषांना समांतर करा, तळातला बाण नकाशाच्या उत्तरेकडे. आकडा 270 च्या आसपास यावा; 90 आला तर पट्टी उलटी धरली आहे. आता होकायंत्र आडवे, सपाट धरून सुईचे लाल टोक तळातल्या बाणावर येईपर्यंत स्वतः वळा. पट्टीवरचा बाण दाखवेल ती दिशा.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक आपल्याकडे एका अंशाच्याही आत आहे, त्यामुळे तो सोडून दिला तरी चालतो. सह्याद्रीचा बेसाल्ट मात्र सोडू नका. त्यात मॅग्नेटाइट असते, कातळाला टेकवलेली सुई भरकटू शकते. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम 1904 मध्ये अलिबागला हलवावे लागले, इतके हे मोजमाप नाजूक.

मोबाइल तुमचे ठिकाण उत्तम सांगतो, हे मान्य. पण त्यातले होकायंत्रही चुंबकीयच. चुंबकाच्या कव्हरने तेही फसते, आणि बॅटरी संपली की दोन्ही गेले.